ताइस्तोची तेवीस शून्यं

आमच्या फिनलंडच्या तांपेरेत कुणाला "कसं काय?" असं विचारू नये. विचारलंच तर दोनच उत्तरं मिळतात. माणूस ठणठणीत असेल तर म्हणतो, "चाललंय." आणि दुखण्यानं पार जेरीला आला असेल तर जरा विचार करून म्हणतो, "चाललंय." या दोन्हींतला फरक कळायला इथं निदान तीस हिवाळे काढावे लागतात, आणि तोवर तुम्हीही तेच म्हणायला लागलेले असता.

ताइस्तो या विद्येत सगळ्या गावाचा गुरू. सदुसष्ट वर्षांचा, उंच, रुंद हाडाचा माणूस. अडतीस वर्षं लिफ्ट तपासनीस होता. लिफ्टच्या दोराची एक तार जरी तुटलेली दिसली तरी तो वहीत तारीखवार नोंद करायचा. एकदा दरवाजा अर्धा सेकंद उशिरा मिटतो म्हणून त्यानं एका सरकारी कचेरीची लिफ्ट पंधरा दिवस बंद ठेवली. तिथल्या साहेबीणबाई रोज सहा मजले चढून धापा टाकत त्याच्या नावानं बोटं मोडत होत्या. यानं ढिम्म ऐकलं नाही. यंत्राचं दुखणं लपवायचं नाही, हा त्याचा धर्म होता.

स्वतःच्या दुखण्याला मात्र हा धर्म लागू नव्हता. अपेंडिक्स सुजलं तेव्हा हा गृहस्थ आधी दारासमोरचा बर्फ लोटून मोकळा झाला, फावडं जागेवर ठेवलं आणि मग बसनं इस्पितळात गेला. बायकोला म्हणाला, "जरा जाऊन येतो."

नऊ वर्षांपूर्वी त्याला सिलिअ‍ॅक निघाला. म्हणजे गहू, राय, सातू यांच्यात जे ग्लूटेन असतं, ते पोटात गेलं की शरीराच्या स्वतःच्याच लढाऊ पेशी खवळतात आणि शत्रू समजून आतड्यावर तुटून पडतात. आतडं सुजतं, आतून सोलवटून निघतं. औषध नाही. ते धान्य आयुष्यातून हद्दपार करायचं, एवढाच उपाय. रायच्या काळ्या पावावर वाढलेल्या माणसाला हे किती जड जातं ते इथल्यांनाच ठाऊक. तम्मेलाच्या बाजारात शनिवारी लिंगनबेरी या आंबट लाल रानफळाच्या मुरंब्याबरोबर रक्ताची काळी सॉसेज खायची त्याची चाळीस वर्षांची सवय, तीही सुटली, कारण तिच्यातही रायचं पीठ. ताइस्तोनं एका शब्दानं कुरकुर केली नाही. बाजाराकडून जाणारी वाट बदलली, इतकंच.

मग चार वर्षांपूर्वी तेच दुखणं त्याच्या नातीला निघालं, आणि तिथं मात्र गडी आतून हलला.

पिहला, त्याच्या मुलीची, मेर्वीची, एकुलती एक. तेव्हा चार वर्षांची होती, आता आठ. हे दुखणं रक्तातून उतरतं असं डॉक्टरांनी सहज सांगितलं, आणि ताइस्तोनं ते वाक्य घरी नेऊन मनात खिळ्यानं ठोकून ठेवलं. आपण दिलं. घर नाही, जमीन नाही, नातीला काय दिलं तर हे. तसं आमच्याकडे बिनग्लूटेनचा पाव कुठंही मिळतो, शाळाही वेगळं ताट देते. पण पिहलाचं आतडं फारच हळवं. कुणाच्या हाताला लागलेला एखादा कणसुद्धा तिला चालत नाही. दोनदा इस्पितळात राहून आली. मैत्रिणींकडे राहायला जाणं बंद. गेल्या वसंतात वर्गाची दोन दिवसांची सहल होती, आणि तिथल्या स्वयंपाकघरानं हमी दिली नाही म्हणून तिचं नाव काढलं. ते दोन दिवस ती आजोबांकडे पत्ते खेळत बसली. रडली नाही, सहलीचं नावही काढलं नाही. ताइस्तोची छाती अभिमानानं भरून आली. पत्ते पिसता पिसता तो म्हणाला, "हू नाही की चू नाही. माझीच नात!" आणि पोरीचा चेहरा असा उजळला की त्याला वाटलं, आपण काहीतरी फार चांगलं बोललो.

त्याच उन्हाळ्यात टेकडीवरच्या इस्पितळातून पत्र आलं. सिलिअ‍ॅकवर एक नवं औषध निघालंय, पाच देशांत त्याची चाचणी होणार आहे, भाग घ्याल का? ताइस्तोनं पत्र एकदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिथं हजर झाला. पावासाठी नव्हे. पाव सुटला तो सुटला. पण हे औषध पास झालं तर मुलांना मिळायला पाच-सहा वर्षं लागतील, असं पत्रात होतं, आणि तोवर पिहला चौदाची होईल. चौदाव्या वर्षी तरी पोरीला सहलीला जाता यावं.

चाचणीचं सगळं काम हेलिना नावाची परिचारिका पाहायची. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारी बाई. औषध काय आहे ते तिनंच समजावलं. टाके घालायला आपोआप विरघळणारा दोरा असतो ना, तो ज्या पदार्थाचा, त्याच पदार्थाचे हे नॅनोकण. केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याहूनही बारीक. प्रत्येक कणाच्या पोटात इवलंसं ग्लूटेन दडवलेलं.

"ग्लूटेन? तेच तर मला चालत नाही," ताइस्तो म्हणाला.

"पोटातून चालत नाही. हे शिरेतून जातं," हेलिना म्हणाली. "शरीर या कणांना मेलेल्या पेशींचा केर समजतं. यकृतात आणि प्लीहेत केर काढणाऱ्या पेशी असतात. त्या हे कण गिळतात, आतलं ग्लूटेन बाहेर काढून लढाऊ पेशींना दाखवतात आणि म्हणतात, बाबांनो, हा घरचाच केर, याच्यावर धावून जायचं नाही. तुम्ही कधी कुत्रा पाळलाय?"

"स्पिट्झ. पोस्टमन आला की अर्धा तास भुंकायचा."

"मग पोस्टमनचा हातमोजा तुम्ही स्वतःच्या हातानं त्याच्या खोक्यात नेऊन ठेवलात तर?"

ताइस्तोनं विचार केला. "हातमोजा खाल्ला असता."

हेलिना हसली. "बरं, शहाण्या कुत्र्याचं म्हणतेय मी. घरच्या माणसाच्या हातून आलेल्या वासावर तो हळूहळू भुंकायचा थांबतो. दाह दाबून टाकणारी औषधं पुष्कळ आहेत, पण ती कुत्र्याचं तोंडच बांधतात. मग चोर आला तरी तो भुंकत नाही. हे औषध त्याला फक्त एवढंच शिकवतं, की हा पोस्टमन आहे."

हे ताइस्तोला पटलं. ज्या यंत्राची रचना समजते त्याच्यावर त्याचा विश्वास बसायचा.

बाकीचे नियम साधे होते. आठवड्याच्या अंतरानं दोन सलाइनी. मग सहा आठवडे रोज इस्पितळानं दिलेली दोन गव्हाची बिस्किटं खायची, म्हणजे कुत्रा शिकला की नाही ते कळेल. आधी आणि नंतर आतड्याचा बारीक तुकडा काढून तपासणार. आणि रोज संध्याकाळी एक डायरी भरायची: पोटदुखी, फुगारा, थकवा, शून्य ते दहा आकड्यांत. निम्म्या लोकांच्या सलाइनमध्ये औषध, निम्म्यांच्या नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते ना हेलिनाला माहीत, ना डॉक्टरांना.

बिस्किटांचे पहिले तीन दिवस मजेत गेले. नऊ वर्षांनी गव्हाची चव जिभेवर आली. बायको, इर्मेली, समोर बसून त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. "कसं लागतंय?" "कोरडं," ताइस्तो म्हणाला, पण मिशीतले कण त्यानं बोटानं टिपून खाल्ले.

चौथ्या दिवशी दुपारी पोटात पीळ पडला. असा की त्याला हातातली बादली खाली ठेवावी लागली. पाचव्या दिवशी सकाळपासून. सहाव्या दिवशी तर तो संडासातून बाहेर येईचना.

"ताइस्तो, आत काय करतोयस?" इर्मेलीनं दारावर टकटक केलं.

"पेपर वाचतोय."

"पेपर माझ्या हातात आहे."

आत पाणी सोडल्याचा आवाज झाला. "कालचा," ताइस्तो म्हणाला.

इर्मेलीनं पुढं विचारलं नाही. एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं दारापुढं उभं राहून वाट बघायला सोडून दिलं होतं. आणि संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून ताइस्तोनं डायरी उघडली, पेन हातात घेतलं, आणि स्वच्छ, गोल अक्षरात लिहिलं: पोटदुखी, शून्य. फुगारा, शून्य. थकवा, शून्य.

ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल, असं म्हणतात. इथं पोट दुखत होतं, समोर इस्पितळातली बाई ओव्याची पुडी घेऊन बसली होती, आणि हा बाबा म्हणत होता, मला काय धाड भरलीय! राग येतो अशा माणसाचा. पण त्याचं गणित समजून घ्या. तो असं धरून चालला होता की तिकडं कुणीतरी बसून सगळ्यांच्या आकड्यांची बेरीज करणार. आपण सात लिहिलं तर ते सात औषधाच्या नावावर चढणार, आणि पिहलाचं औषध एका म्हाताऱ्याच्या पोटदुखीपायी नापास होणार. दुखणं काय, सोसता येतं. आतड्याचा तुकडा काय सांगायचं ते सांगेल, पण आपल्या तोंडून औषधाची चहाडी नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्या हातानं अडतीस वर्षं एक खोटी ओळ लिहिली नव्हती, त्या हातानं ताइस्तोनं रोज तीन शून्यं काढली, आणि दर वेळी त्याचा कान गरम व्हायचा. ते लाजेनं होतं हे त्याला कळत होतं. तरी त्यानं लिहिलं. प्रेमापोटी माणूस काय काय करतो, आणि कसं उलटं करतो, याला सुमार नाही.

चोविसाव्या दिवशी, बुधवारी, इस्पितळात तपासणी होती. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं जे काही आमच्याकडे ऑक्टोबरात पडतं ते पडत होतं. हेलिनानं त्याला काट्यावर उभं केलं, आकडा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा डोळ्यांवर आणला आणि आकडा परत पाहिला.

"साडेतीन किलो कमी."

"कपडे हलके आहेत," ताइस्तो म्हणाला.

"पट्ट्याला हे नवं भोक कधी पाडलंत?"

ताइस्तोनं खाली पाहिलं. भोक खिळ्यानं पाडलेलं, कडा अजून कच्ची. "जुनंच आहे."

हेलिनानं डायरी उघडली आणि एकेक पान उलटत गेली. शून्य, शून्य, शून्य. सगळी एकसारखी, गोल, सुबक. मग तिनं डायरी मिटली आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढली.

"एक गंमत सांगते. ही चाचणी पाच देशांत चाललीय. स्पेनमधल्या लोकांना रकाने पुरत नाहीत, समासात लिहितात. एका बाईंनी पोटदुखीच्या खाली सुनेचीही तक्रार लिहिलीय. आणि आपल्याकडे माझी अकरा माणसं आहेत. नऊ जणांच्या डायरीत पहिल्या पानापासून शून्य. अळीमिळी गुपचिळी! परवा वरून पत्र आलं. विचारतात, फिनलंडमधली माणसं लाकडाची आहेत का?"

"बर्चची, म्हणून कळवा," ताइस्तो म्हणाला. "पाइन जळताना फार तडतडतो."

"ताइस्तो."

"काय?"

"किती दुखतंय?"

खिडकीच्या काचेवरून तो ओला बर्फ घसरत होता, ताइस्तो तिकडं बघत राहिला.

"मला ओरडायचं नाहीये," हेलिना हळू आवाजात म्हणाली. "माझे वडील असेच गेले. कमरेत वर्षभर कळा होत्या, आम्हाला कळलं ते शेवटच्या महिन्यात. तेव्हा मला तुमची शून्यं वाचता येतात. फक्त एवढं सांगा, का लपवता?"

कुणी त्याच्याशी असं थेट बोललं की त्याला खोटं बोलता येत नसे. जमिनीकडे पाहत त्यानं सांगितलं. नात आहे, आठ वर्षांची. औषध पास व्हायला हवंय. मी वाईट लिहिलं तर ते नापास होईल.

हेलिनानं टेबलावरचे दोन कॉफीचे कागदी पेले त्याच्यासमोर ओळीनं ठेवले.

"या पेल्यातल्या लोकांना औषध मिळालं. यातल्यांना मिठाचं पाणी. तुम्ही कुठल्या पेल्यात?"

"मला काय माहीत?"

"मलाही माहीत नाही. पण समजा, या, मिठाच्या पाण्याच्या पेल्यात असलात. तुम्हाला कळा येणारच, यायलाच हव्यात. आणि तुम्ही लिहिलंत शून्य. औषधवाल्यांना खरोखर बरं वाटलं, त्यांनीही लिहिलं शून्य. तिकडं हिशेब करणारा काय म्हणेल?"

ताइस्तो एका पेल्याकडून दुसऱ्याकडे पाहू लागला.

"म्हणेल, मिठाच्या पाण्यानंही तेवढंच बरं वाटतं. मग औषध कशाला?" हेलिनानं दोन्ही पेले एकात एक घातले. "आतड्याचा तुकडा बघतात, पण तेवढ्यावर भागत नाही. माणसाला बरं वाटतं का, हे माणसानं सांगावं लागतं. दोन्ही जमलं तरच पास."

बाहेर जिन्यातली लिफ्ट वर आली, थांबली, दार उघडून मिटलं. ताइस्तो सवयीनं ऐकत होता.

"म्हणजे," तो शेवटी म्हणाला, "नवा ब्रेक चांगला की जुना, हे ठरवायचंय. आणि जुना ब्रेक गचके देतोय, तरी मी त्याच्या वहीत लिहून दिलं, सगळं ठीक."

"असेल जुना, तर. कदाचित."

"तेवीस दिवस."

"हो."

त्यानं आपला पंजा चेहऱ्यावरून फिरवला. नातीसाठी म्हणून जे केलं ते नातीच्याच मुळावर आलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. "ती पानं द्या इकडं. खरं लिहून देतो. सगळं आठवतंय मला."

"नाही चालत," हेलिना म्हणाली, आणि तिला ते सांगताना वाईट वाटत होतं हे दिसत होतं. "ज्या दिवसाचं त्याच दिवशी लिहायचं, असा नियम आहे. मागाहूनची आठवण धरत नाहीत. आज इथं काय बोलणं झालं ते मी शेजारी टिपण म्हणून जोडीन. पण शून्यं राहणार. तुमचं आजपासूनचं खरं लिहा."

"खरं लिहिलं की मला बाहेर काढाल."

"फारच वाढलं तर थांबवावं लागेल. पण थांबवलं तरी तुमचा आकडा मोजला जातो. तो वाया जात नाही. शून्य वाया जातं."

डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. बिस्किटं आजच सोडली तरी चालतील, चालू ठेवायची असतील तर रोज सकाळी फोन करायचा, असं म्हणाल्या. ताइस्तो म्हणाला, चालू ठेवतो. निघताना हेलिना त्याच्याबरोबर दारापर्यंत आली.

"तुमच्यासारख्यांना एकदम आकडा लिहायला जमत नाही, हे मला माहीत आहे. हात आपोआप शून्य काढतो. म्हणून असं करा, आधी घरात कुणाला तरी तोंडानं सांगा. मोठ्यानं. मग लिहा."

"कुणाला सांगू?"

"बायको नाही का घरी?"

ताइस्तोनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं त्याला भर बाजारात नाचायला सांगितलं होतं.

बुधवारी पिहला शाळेतून परस्पर आजी-आजोबांकडे यायची. तो घरी पोचला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी गणितं सोडवत होती, आणि इर्मेली कॉफी गाळत होती. ताइस्तोनं ओले बूट काढले, खुर्चीत बसला, डायरी समोर ठेवली.

"इर्मेली."

"काय?"

"बाहेर गारठा आहे."

"आहे की."

त्यानं कपातली कॉफी अर्धी संपवली. पोटात पुन्हा पीळ पडत होता. "इर्मेली."

"अरे, काय?"

"बस उशिरा आली."

इर्मेलीनं वळून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्यानं एका दिवसात आपणहून दोन वाक्यं बोलायची म्हणजे काहीतरी घडलं होतं. पिहलानंही पेन्सिल खाली ठेवली. "मम्मो," ती आजीला म्हणाली, "उक्कीला काहीतरी सांगायचंय. त्याला येत नाहीये." आणि आजोबांना म्हणाली, "उक्की, त्या वहीत प्रश्न आहेत का? मी विचारू?"

तिनं डायरी आपल्याकडे ओढली, पान सरळ केलं आणि शाळेत मोठ्यानं वाचतात तसं वाचलं. "आज पोटात किती दुखलं? शून्य म्हणजे अजिबात नाही. दहा म्हणजे याहून वाईट असूच शकत नाही."

ताइस्तोनं तोंड उघडलं. अडतीस वर्षं इतरांच्या यंत्रांबद्दल खडाखडा बोललेलं तोंड. "सात," तो म्हणाला.

इर्मेलीच्या हातातला चमचा ओट्यावर पडला. "कधीपासून?"

"चौथ्या दिवसापासून."

"चौथ्या! आणि पेपर वाचत होतास!" ती त्याच्यावर धावूनच आली. तिला आधी राग आला आणि मग रडू आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे तिनं त्याच्या खांद्यावर एक जोराची थाप मारली आणि हात तिथंच ठेवला. "कुठं दुखतं?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं गेली तीस वर्षं त्याला विचारला नव्हता.

त्यानं तिचा हात धरून बेंबीच्या डावीकडे नेऊन ठेवला. "इथं. आणि मग पाठीकडे जातं." बोलायला सुरुवात केल्यावर आणखीही निघालं. जिने चढताना पाय थरथरतात. दुपारी डोळे मिटतात. एकदा बसमधून मध्येच उतरावं लागलं होतं. इर्मेली ऐकत राहिली. सांगून दुखणं कमी झालं नव्हतं, पण ताइस्तोला छातीत जरा जागा झाल्यासारखं वाटलं.

पिहलानं रकान्यात नीट सातचा आकडा काढला. मग फुगारा विचारला, थकवा विचारला, आणि तेही लिहिलं. लिहून झाल्यावर तिनं डायरी परत दिली नाही. पानाच्या कोपऱ्याशी चाळा करत ती म्हणाली, "सांगितलं तर चालतं का?"

"काय?" ताइस्तो म्हणाला.

"दुखतं ते."

"चालतं. म्हणजे, सांगायलाच हवं. मी चूक करत होतो."

तिनं पानाचा कोपरा दुमडला आणि पुन्हा सरळ केला. बाहेर रस्त्यावरून ट्राम गेली.

"माझं पण सांगू?"

ताइस्तोनं खुर्ची तिच्याकडे वळवली.

"रोज नाही," पिहला घाईघाईनं म्हणाली, जणू तिलाच कुणी पकडलं होतं. "सोमवारी आणि बुधवारी. शाळेत पिठात घोळवून तळलेले मासे असतात त्या दिवशी. माझं ताट वेगळंच असतं, पण दुखतं."

"केव्हापासून?"

"शाळा सुरू झाल्यापासून."

ऑगस्टपासून. ताइस्तोनं मनात मोजलं आणि त्याला मोजवेना. "आईला सांगितलंस?"

पोरीनं नाही म्हणून मान हलवली.

"आणि डॉक्टरांना? मागच्या महिन्यात गेली होतीस ना?"

"त्यांनी विचारलं, कशी आहेस? मी म्हटलं, छान."

"पण का गं राणी?" इर्मेलीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

पिहला आजीकडे नाही, आजोबांकडे पाहत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ती ते पापणीआड अडवून धरत होती, अगदी त्याच्याचसारखी. "उक्कीला आवडतं," ती म्हणाली. "मी नाही सांगितलं की."

ताइस्तोला वाटत होतं की आपण पोरीला फक्त रक्तातलं दुखणं दिलं. ते दुखणं तोंड मिटून सोसायचं, हेही आपणच दिलं होतं, तेही शाबासकी देऊन. तो उठला, टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसला. खाली बसताना पोटातून कळ गेली आणि तो मोठ्यानं "आई गं" म्हणाला. पिहलानं आजोबांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

"आज बुधवार," तो म्हणाला. "आत्ता किती?"

तिनं मनापासून विचार केला. "सहा. मघाशी वर्गात आठ होतं."

"आठ," ताइस्तो म्हणाला. मग तिचं डोकं त्यानं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि पोरगी आता खरोखरची, आवाज करून रडायला लागली. त्यानं तिला रडू दिलं. गप्प बस म्हणाला नाही, शूर आहेस म्हणाला नाही. तिला इर्मेलीच्या मांडीवर देऊन तो फोनपाशी गेला.

मेर्वीनं पहिल्याच घंटेला उचलला. बाप वाढदिवसाखेरीज कधी फोन करत नाही, त्यामुळे तिचा आवाज घाबरलेला होता. "बाबा? काय झालं?"

काही नाही, हे उत्तर ताइस्तोच्या जिभेवर सदुसष्ट वर्षांपासून तयार होतं. त्यानं ते गिळलं.

"दुखतंय," तो म्हणाला. "आम्हा दोघांनाही."